बारशाआधी घेतलेलं नाव

परवा शेजारच्या बारशाचा पेढा हातात पडला आणि मस्कतचं ते घर आठवलं. तिथल्या मदिनत सुलतान काबूस या वस्तीत एका आयरिश मास्तरणीकडं मी स्वयंपाक करायचो, बायको घर सांभाळायची. मॅडमला दिवस गेले होते. मुलगी आहे हे डॉक्टरनं सांगितलेलं, तिकडं सांगतात. मॅडमनं आपल्या मुलखातली जुनी नावं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवली होती, ईफा, सीर्शा, नीव्ह. बाहेर ऊन भाजत असायचं आणि ती एसीत बसून बायकोकडून एकेक नाव म्हणवून घ्यायची. बायकोला नीव्ह आवडलं, तेच ठरलं. मग इस्त्री करता करता ही मॅडमच्या पोटाकडं बघून बोलायची, "नीव्हबाय, लाथा पुरे, आईला पडू दे जरा." मी म्हणायचो, "बारशाआधी नाव घेऊ नये." "अहो, त्यांच्यात चालतं." आठव्या महिन्यात पोर पोटातच गेली. मॅडम इस्पितळातून रिकाम्या हातानं आली आणि बायकोच्या गळ्यात पडून रडली. त्या संध्याकाळी आमच्या खोलीत मी बोललो, "तूच नाव घेऊन घेऊन घालवलीस पोर."  पुढं आमच्या लेकीला मुलगी झाली, तेव्हा बारशाला ही पाळण्याजवळसुद्धा आली नाही, दारात उभी राहिली. यंदा बायको गेली. नाव घेतल्यानं पोर मरत नाही, हे मला त्या संध्याकाळीही ठाऊक होतं. तिला मी ते कधी सांगितलं नाही.