गोकुळचा उघडा कॉम्प्युटर

कळंबमध्ये कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की लोक गोकुळला बोलावतात. तो पैसे घेत नाही. त्यामुळं त्याला चार शब्द सुनावताही येत नाहीत. सगळी अडचण तिथंच आहे.

गोकुळ बेचाळीस वर्षांचा. ठिबकच्या सामानाचं दुकान चालवतो. नळ्या, नळी वळवायचे कोपरे, वॉशर. गिऱ्हाईक अर्धा इंची कोपरा मागायला येतं आणि पाऊण तास प्रोसेसरवर ऐकून जातं. कधी कधी कोपरा काउंटरवरच राहतो. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच्याकडं सात कॉम्प्युटर आहेत. चालू त्यातले दोन. उरलेल्या पाचांची तो आजारी जनावरासारखी चौकशी करतो, पण दुरुस्त एकही करत नाही.

त्याची मतं सगळ्या गावाला पाठ आहेत. विंडोज सेव्हन ही शेवटची खरी विंडोज. लिनक्स सगळ्यांत चांगलं, पण ते दुसऱ्यांनी वापरावं. त्याच्या स्वतःच्या मशीनवर नाही. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डाला डकवून देतात, याचा त्याला मनापासून राग. "उद्या ट्रॅक्टरला टायर वेल्डिंग करून देत्याल तात्या, आन् लोकं घेत्याल," असं तो मला म्हणतो. आपल्या फायली कंपनीच्या क्लाउडवर ठेवणं म्हणजे आपला कांदा दुसऱ्याच्या कांदाचाळीत ठेवणं. बोलणाऱ्या नव्या एआयबद्दल तो म्हणाला, "हुशार हाय, पण त्याला न्हाय म्हणायला कुणी शिकवलेलं न्हाय."

बोलणं चुकीचं असतं असं नाही. ऐकावंसंही वाटतं. पण मी चौतीस वर्षं इथल्या कारखान्यात फिटर होतो. तिथं पंप बंद पडला की पंपाबद्दल बोलत नसत. पंप उघडत.

शनिवारी संध्याकाळी सहाला एका वाहिनीवर नव्या फोनांचा आणि कॉम्प्युटरचा कार्यक्रम लागतो. गोकुळ तो चुकवत नाही आणि संपेपर्यंत त्याला शिव्या देतो. निवेदक खोक्यातून फोन काढतो, उलटसुलट करतो, "जबरदस्त" म्हणतो. गोकुळ टीव्हीसमोर बसून म्हणतो, "नखं बघा ह्याची. ह्यानं जन्मात एक स्क्रू काढला असंल का?" मग पुढच्या शनिवारी परत बसतो.

गेल्या फेब्रुवारीत त्याचं हे सगळं संजीवनीच्या बागेवर आलं.

संजीवनी म्हणजे गोकुळची थोरली वहिनी. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून दोनदा येतो. अडीच एकर द्राक्षं ती बघते. तिची बाग माझ्या घराला लागून, म्हणून मला सगळं दिसतं. ती कमी बोलते. पहाटे बागेत जाते, ऊन चढल्यावर येते, परत जाते. त्या वर्षी पहिल्यांदा तिचा माल परदेशात जायचा होता. त्यासाठी फवारणीची नोंद लागते. कोणत्या तारखेला कोणतं औषध, किती, कशासाठी, कोणी मारलं. नोंद बघितल्याशिवाय प्रयोगशाळेची माणसं घडांचा नमुना नेत नाहीत, आणि नमुना गेल्याशिवाय माल निघत नाही. तिचा नंबर सोमवारी होता. तो चुकला तर पुन्हा दहा दिवसांनी. द्राक्ष तयार होतं. दहा दिवस ते वेलीवर थांबलं नसतं.

ही नोंद संजीवनी आधी वहीत ठेवायची. दोन वर्षांपूर्वी गोकुळनं वही बंद करायला लावली. "वही कसली घेऊन बसलाय वहिनी? एक्सेलमदी टाका. शोधायला सोपं." त्यानं जुने भाग जोडून तिला कॉम्प्युटर करून दिला आणि बागेतल्या खोलीत मांडला. कॅबिनेटची एक बाजू काढून ठेवली. बंद कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरला गोधडीत गुंडाळणं, असं त्याचं म्हणणं. संजीवनीनं ऐकलं. दीर शिकलेला आहे, चांगल्यासाठीच सांगतो.

जानेवारीच्या मध्यात मशीन मध्येच थांबायला लागलं. गोकुळ दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा अपडेटला शिव्या दिल्या, काहीतरी बंद केलं, काहीतरी चालू केलं. मशीन चार दिवस चाललं, परत थांबलं. संजीवनीनं मग नव्या फवारण्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं पेनानं लिहायला सुरुवात केली. त्याआधीचं सगळं, म्हणजे ऑक्टोबरच्या छाटणीपासूनचं, मशीनमध्ये होतं.

शनिवारी सकाळी तिनं मला हाक मारली. मी गेलो तर गोकुळ खुर्चीवर. पडदा काळा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"डिस्क सापडत न्हाय म्हणतंय."

"मग?"

"मग काय तात्या, हल्ली डिस्का बनवायच्या पद्धतीच बिघडल्या. आधीच्या डिस्का कशा, वीटंसारख्या जड. आता हातात घेतली तर बिस्किट वाटतंय."

"ही डिस्क कधीची?"

"ही जुनीच हाय."

"म्हणजे वीट."

संजीवनी दारात उभी होती. "भाऊजी, नोंद निघंल का न्हाय, एवढंच सांगा," ती म्हणाली.

"निघंल की. बारामतीला जाऊन येतो."

मी सोबत गेलो. दुकानातल्या माणसानं डिस्क जोडून बघितली. त्याच्या मशीनलाही ती दिसेना. तो म्हणाला, "सर, ही पुण्याला पाठवावी लागंल. आठ दिवस." इथं गोकुळनं विचारायला पाहिजे होतं, की पुण्याला ते नेमकं काय करतात? त्यानं विचारलं नाही. दुकानात मांडलेल्या दिवेवाल्या रंगीत पंख्यांवर त्याची नजर गेली. पंख्याला दिवे कशाला, हवा रंगीत येती का, यावर तो आणि दुकानदार वीस मिनिटं बोलले. मी घड्याळ बघत उभा.

डिस्क घेऊन परत आलो तेव्हा पाच वाजले होते. साडेपाचला गोकुळ उठला.

"कुठं?" संजीवनीनं विचारलं.

"शनिवार हाय न्हवं. कार्यक्रम. आज कदाचित डिस्कवरच असंल, वहिनी."

ती विळा उचलून बागेत निघून गेली. मला मात्र राहवलं नाही. "अरे, तिचा नमुना सोमवारी हाय, आन् तू टीव्ही बघायला चाललास?"

"तात्या, हितं बसून तरी काय करू? बघण्यासारखं सगळं बघून झालंय."

तो गेला. कार्यक्रमात घडी घालायचा फोन दाखवला, हे मला नंतर कळलं.

मी खोलीतच बसून राहिलो. त्याचं वाक्य डोक्यात होतं. बघून झालंय म्हणाला, पण बघितलं कुठं होतं? पडद्याकडं बघितलं. म्हणून मी खोली बघितली. एका बाजूला फवारणीचा पंप. त्याची पितळी नळी पिवळी असायला हवी, ती काळी. खिळ्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं टांगलेलं, तेही काळं. जळल्यासारखं नाही, शाईत बुडवल्यासारखं. आणि कॉम्प्युटरच्या टेबलाला टेकून गंधक पावडरच्या नऊ गोण्या. त्यांतली एक फोडलेली.

द्राक्षावर पडणाऱ्या भुरी रोगावर गंधक मारतात, हे इथं सगळ्यांना माहीत. गंधकाजवळ तांबं काळं पडतं, हेही शाळेत जाऊन आलेल्या सगळ्यांना माहीत असायला हवं. दोन वर्षं ते मशीन एक बाजू उघडी टाकून त्या गोण्यांजवळ हवा खात होतं. पंखा पावडर ओढत होता आणि आतल्या तारांवर मारत होता. मी आत बोट फिरवलं. पिवळं निघालं.

संजीवनी आली तेव्हा तिला बोट दाखवलं. तिनंही आत बोट फिरवून बघितलं. मग म्हणाली, "मी रोज हितं बसत होते. मला वास यायचा. वाटलं, औषधाच्या खोलीत औषधाचा वास येणारच."

रविवारी सकाळी आठला गोकुळ आला. डोळे जागरणानं लाल होते. मी त्याला पितळी नळी दाखवली, तार दाखवली, गोण्या दाखवल्या. त्यानं रॅमची पट्टी उपसली. खालचे दात काळपट.

"ह्या कंपनीचं प्लेटिंगच—" त्यानं सुरुवात केली.

"गोकुळ."

तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, "वही मीच बंद करायला लावली, तात्या."

"ते नंतर. डिस्कच्या खाली जो हिरवा बोर्ड हाय, तो काढता येतो का?"

"येतो. पण तो काय पंप हाय का काढाय?"

"का न्हाय? डिस्क आणि बोर्ड एकमेकांना कुठं तरी टेकत असणार. तिथं काळं असंल."

बोर्डाचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे निघाले. गोकुळकडं त्याचे स्क्रूड्रायव्हर होते. चोवीस तोंडांचा संच, खोक्यात, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं. तीन वर्षांपूर्वी घेतलेला. मी काही बोललो नाही. संजीवनी बोलली. "भाऊजी, टीव्हीवाला निदान खोकं तरी उघडतो."

बोर्ड निघाला. ज्या ठिपक्यांवर डिस्कच्या आतल्या पिना टेकतात, ते ठिपके काळे होते. मुलीच्या कंपासपेटीतला खोडरबर संजीवनीनं आणून दिला. गोकुळनं घासायला घेतलं. अर्ध्या मिनिटात म्हणाला, "झालं."

"न्हाय झालं. चकाकलं पाहिजे."

"तात्या, एवढी गरज नसती."

"घास."

वीस मिनिटं घासलं. मग फुंकर मारून, सुक्या फडक्यानं पुसून बोर्ड परत बसवला. रॅमची पट्टीही पुसून जागेवर खोचली आणि डिस्क मशीनला जोडली. काळा पडदा, तीच ओळ. गोकुळनं हात वर केले. "म्हणलं न्हवतं का? डिस्कच गेली. ह्या डिस्कांचं काय असतंय..."

मी डिस्क काढून उलटी केली. पाच भोकं, स्क्रू तीन. दोन टेबलावर.

"हे?"

"तिनात घट्ट बसतंय की."

चौतीस वर्षांत ज्यांना मी हे वाक्य बोलताना ऐकलं, त्यांतल्या एकाचंही काम दुसऱ्या पाळीपर्यंत टिकलं नाही. बोर्ड त्या पिनांवर नुसता दाबून बसतो. कोपरा सैल राहिला की टेकत नाही. मी पाचही स्क्रू घेतले. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो, एकदम कुठलाच नाही. मग त्याच्या हातात डिस्क दिली.

या वेळी पडद्यावर ओळ आली नाही. निळा प्रकाश आला, मग चित्र. संजीवनीनं पदर तोंडाला लावला. गोकुळ ओरडला, "आलं! बघा, जुनी डिस्क. जुनी हाय म्हणून आली!"

"आधी उतरवून घे," मी म्हणालो.

त्यानं पेनड्राइव्हवर फाइल घेतली. घेता घेता पेनड्राइव्हबद्दल मत दिलं. संजीवनीनं तोपर्यंत ट्रंकेतून दोनशे पानी वही आणली, निम्मी कोरी. ती त्याच्यापुढं ठेवली, वर पेन.

"लिहा."

"वहिनी, आता कशाला? पेनड्राइव्हमदी हाय. बारामतीत प्रिंट—"

"आज रविवार हाय, दुकानं बंद. उद्या सकाळी नमुना न्यायला बाई येणार. आन् हे यंत्र चहा होईस्तवर टिकंल का, हे तुमी छातीठोक सांगता का?"

त्यानं पडद्याकडं बघितलं. खुर्ची ओढून लिहायला बसला.

एक्केचाळीस नोंदी. एकेकीला पाच रकाने. दहा वर्षांत त्यानं हातानं सहीशिवाय काही लिहिलेलं नसावं. पाचव्या ओळीत बोटं दुखायला लागली, आठव्या ओळीत पेनाला नावं ठेवली, बाराव्या ओळीत दुसरं पेन मागितलं. संजीवनी शेजारी उभी राहून प्रत्येक ओळ पडद्याशी ताडून बघत होती. सव्विसाव्या ओळीत त्यानं तारीख चुकवली. तिनं बोट ठेवलं. त्यानं खोडलं, वर नीट लिहिलं, शेजारी सही केली. शेवटी कॅलेंडरमागच्या नऊ नोंदी तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिल्या. काम संपलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. तासाभरात मशीन परत थांबलं. कोणी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

सोमवारी साडेनऊला प्रयोगशाळेतून करुणा नावाची बाई आली. पायात बूट, हातात टॅबलेट, कामाची घाई. बागेच्या कडेला उभी राहून तिनं वही चाळली. शेवटचं गंधक कधी मारलं, हे विचारलं. संजीवनीनं पान न उलटता तारीख सांगितली. बाईनं उलटून बघितली, जुळली. मग सव्विसावी ओळ दाखवून म्हणाली, "ही खाडाखोड कोणाची?"

"माझी," गोकुळ म्हणाला. "पडद्यावरनं उतरवताना चुकली. फाइल हितं हाय, बघा." पेनड्राइव्ह त्यानं दोन्ही हातांत धरून पुढं केला.

तिनं तो टॅबलेटला लावून ओळ बघितली. मान हलवली आणि वहीच्या शेवटच्या पानावर सही केली. "चला, नमुना घेऊ."

संजीवनीनं श्वास सोडला तो मला चार हातांवरून ऐकू आला. ती आणि करुणा ओळीत शिरल्या. गोकुळ मागं मागं.

"मॅडम, ह्या टॅबलेटला रॅम किती? चार? बघा, चारमदी तुमचं हे ॲप अडकत असंल. मुळात ॲप बनवणाऱ्यांनी कधी उन्हात उभं राहून..."

"भाऊजी," संजीवनी पुढूनच म्हणाली, "क्रेट धरा."

त्यानं क्रेट धरला. बोलणं थांबलं नाही. ती घड कापून त्याच्या हातातल्या क्रेटमध्ये ठेवत गेली आणि तो ओळीच्या टोकापर्यंत बोलत गेला.