टिकणारा हब

घाईघाईने चूक करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. आमचा आतेभाऊ मात्र सावकाश, चार ठिकाणी विचारून, सगळी खातरजमा झाल्यावर चूक करतो. सिल्लोडहून नोकरीसाठी तो संभाजीनगरला आमच्याकडे राहायला आला, तेव्हा नुसती चप्पल घ्यायला त्याने अख्खा उन्हाळा घालवला. दुकानात चप्पल उलटी करायची, तळ वाकवून बघायचा आणि शेवटी विचारायचं, "टिकंल का पण?" छत्री, कलिंगड, कुकरची रिंग, सगळ्यांना हाच प्रश्न. शेजारी नवं जोडपं राहायला आलं, त्यांना त्याने हे विचारलं नाही, ते केवळ मी वेळेवर त्याच्या पायावर पाय दिला म्हणून.

अशा माणसाला छंद असावा तो ठेंगण्या सायकलवर नाचण्याचा! सपाट फरशी बघायची, चाकाच्या बाजूच्या नळ्यांवर पाय ठेवायचे आणि एका चाकावर भोवऱ्यासारखं फिरायचं. दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी यायचं तो दिवस सण वाटायचा. मका पिकलाच नव्हता, त्यामुळे धान्यबाजारातली लिलावाची शेड ओस पडली होती आणि तिथली गुळगुळीत फरशी वॉचमनच्या कृपेने याला मिळाली. "समद्यांचं वाटोळं झालं अन् माझं मैदान झालं," असं तो म्हणे आणि मग दिवसभर ओशाळलेला असे. न आलेल्या मक्यात त्याच्या वडिलांचाही मका होता.

अडचण एकच होती. सायकल मागे सरकली की पायडलही उलटे फिरत आणि पाय गुंतत. त्यावर इलाज म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध, तुंब्याच्या जागी, फ्रीकोस्टर हब बसवायचा. मग चाक उलटं गेलं तरी पायडल जागचे हलत नाहीत. पण हा हब परदेशातून मागवावा लागे, आणि त्याच्या पोटातला क्लच झिजतो अशी त्याची ख्याती होती. झालं! आतेभाऊ स्थळं बघावीत तसे हब बघू लागला. घराणं कोणतं, आस किती जाड, आपली धूळ सोसेल का. पुण्याच्या कुणा मुलाला फोन करून तो त्याच्या हबची तब्येत विचारायचा. दोन वर्षं बिनतक्रार चाललाय म्हटल्यावर म्हणाला, "आणखी एक वर्ष वापर, मग सांग."

त्याच सुमारास त्याला खरं स्थळ आलं. मुलगी शहरातल्याच छावणी भागातली, शाळेत गणित शिकवायची. बघायला मीही गेले होते. छंद काय, असं कुणीतरी विचारलं आणि हा सुटला. बशी म्हणजे चाक, कप म्हणजे पायडल, असं करून दाखवताना चहा मुलीच्या वडिलांच्या लेंग्यावर सांडला. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. मुलगी मात्र पुढे सरकून ऐकत होती.

"मग घेतला का नाही अजून?" तिने विचारलं.

"टिकला पाहिजे ना."

"वापरल्याशिवाय कसं कळंल तुम्हाला?"

परतताना तो इतका खूश होता की रिक्षा टिकाऊ आहे का, हे विचारायचंही विसरला.

तिच्या वडिलांनी घाई केली नाही. पाण्याविना मांडव कोण घालणार, पीकपाणी झालं की कळवा, म्हणाले. याच्या मनात होकार होता, हे मी शपथेवर सांगते. पण जन्माचा प्रश्न, म्हणून चौकशी सुरू झाली. नोकरी टिकेल का, भाड्याची खोली टिकेल का, आपण दोघं टिकू का. मी चिडले, तर म्हणाला, "ताई, माझं व्हय हाय. फक्त पक्कं होऊ दे."

पुढच्या वर्षी पीक झालं. शेड मक्याने भरली, त्याचे वडील कितीतरी दिवसांनी हसले, आणि उरलेली चौकशी आटोपून, बऱ्याच दिवसांनी, हा पेढे घेऊन छावणीत होकार द्यायला गेला. दारात तिच्या साखरपुड्याची माणसं बसली होती. पेढे त्यांनाच वाटून तो घरी आला.

त्याच आठवड्यात त्याने हब मागवला, कुणालाही न विचारता.

पुढे बाजार शहराबाहेर गेला आणि शेडच्या जागी दुकानांचे गाळे उभे राहिले. आतेभावाचे केस पिकले, लग्न राहिलं ते राहिलंच. आता तो छावणीतल्या बास्केटबॉलच्या एका जुन्या कोर्टवर सायकल फिरवतो. परवा मी तिथं बसले होते. भाजीची पिशवी घेऊन एक बाई कडेला थांबल्या. मी ओळखलं. तो मागे मागे सरकत होता, पाय अगदी स्थिर. तिला बघून उतरला.

"टिकला का?" तिने विचारलं.

"टिकला," तो म्हणाला. "लवकर घ्यायला पायजे होता."

तिने मान हलवली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गेली. मला फार वाईट वाटलं. त्याने सायकल उलटी केली आणि काही बिघडलेलं नसताना हब खोलायला घेतला.