तळपायाला कळणारी ऊब

कल्पना करा, नुकतंच उजाडलंय, वारा अंगाला झोंबतोय आणि तुम्हाला कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उतरून एकच गोष्ट सांगायची आहे: तळाशी ऊब उरली आहे का? हातात काही नाही. तळपाय तेवढे आहेत.

आमच्या मत्स्यशेतीवर हे काम मावशी करतात. सव्वीस वर्षं त्या तळी राखतायत. चौथ्या तळ्यात अडतीस मोठे मासे आहेत. सगळ्या तळ्यांसाठी लागणारी पिल्लं त्यांच्यापासूनच मिळतात. हा मासा मूळचा उबदार किनाऱ्याचा. पाणी गारठलं की तो आधी खाणं सोडतो, मग सुस्तावतो, शेवटी कुशीवर तरंगू लागतो. जिवंत असतो, पण बघणाऱ्याला मेलेलाच वाटतो.

गेल्या थंडीत तीन दिवस गार पाऊस लागला. तिसऱ्या सकाळी तळ्यात टांगलेल्या सेन्सरने माझ्या पडद्यावर अकरा अंश दाखवले आणि दोन मासे कुशीवर आले. मालक मफलर गुंडाळून धावत आले.

"चाकं सुरू करा! गुदमरतायत ते!"

पाणी घुसळून हवा मिसळणारी ही चाकं. पंपवाला बटणाकडे पळाला, तर समोर मावशी उभ्या.

"हात लावून तर बघ."

"अहो, मालकांनी सांगितलंय!"

"मालक पाण्यात उतरलेत का?"

आणि त्या स्वतःच उतरल्या. तळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी हट्टाने एक खोल खड्डा खणून घेतला होता. 'मावशी माशांसाठी तळघर बांधतायत,' म्हणून पंपवाल्याने तेव्हा वर्षभर चिडवलं होतं. त्या खड्ड्यात गळ्यापर्यंत बुडून त्या थांबल्या. दात वाजत होते.

"खाली ऊब आहे."

मी तापमापक दोरीने तिथे तळापर्यंत सोडला. सोळा अंश! पावसाचं गोडं पाणी हलकं, म्हणून वर पसरलेलं. खालचं जड, खारं पाणी आपली ऊब धरून होतं. माझा सेन्सर मात्र पृष्ठभागापासून जेमतेम हातभर खाली टांगलेला. टांगला मीच होता.

"पोरी, तुझं यंत्र कपाळाला हात लावून बघतंय. मासा पायाशी झोपलाय."

"आणि हे गेले तर?" मालकांनी विचारलं. "पुढच्या वर्षी पिल्लं कुठून आणू?"

"अशाच थंडीत मी एकदा चाकं लावली होती. खालवर सगळं पाणी सारखंच गार झालं. एकोणीस मासे या हातांनी पुरलेत, साहेब. गारठलेल्या माशाला हवा कमी लागते."

मालकांनी मफलर सैल केला. मग पंपवाल्याला म्हणाले, "राहू दे."

तरंगणाऱ्या दोघांना काढायला पंपवाल्याने जाळं आणलं, तर त्याला मावशींचा ओरडा बसला. जाळ्याने अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. मावशींनी दोघांनाही हातांनीच हळूहळू खड्ड्याकडे ढकलत नेलं.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. सदतीस मासे फिरू लागले. अडतिसावा गेला. मावशींनी तोही स्वतःच्या हातांनी पुरला.

आता सेन्सर खड्ड्याच्या तळाशी आहे. चाकं कधी थांबवायची, हे मालक मावशींना विचारूनच ठरवतात. पण मावशी स्वतः बघतात ते एका फाटक्या शेपटीच्या जुन्या मादीकडे. गारठा यायच्या आदल्या दिवशीच ती खड्ड्यात जाऊन बसते.

"तेव्हा पाणी उबदारच असतं," मावशी मला दर वेळी म्हणतात. "माझ्या पायाला काही कळत नाही, तुझ्या यंत्रालाही नाही. मग तिला कशानं कळतं गं?"