कोबा वाळेपर्यंतची सोबत

वैजनाथअप्पांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला माल द्यायला नकार दिला म्हणून. पिंगळीला आमच्या डाळमिलच्या गोदामात सिमेंटचा जुना कोबा होता. त्याची धूळ डाळीत जायची, म्हणून त्यावर इपॉक्सीचा लेप मारायचं मी ठरवलं आणि परभणीला अप्पांच्या रंगाच्या दुकानात गेलो. बाहेर टेम्पो उभा करून ठेवला होता. अप्पांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "कोबा वाळलेला हाय का?"

"ठणठणीत," मी म्हणालो.

"माल हाय, पण आज देत न्हाई. आधी मी बघतो."

असा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. तणतणत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा स्वतःच मिलवर हजर! त्यांनी कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा अंथरला, चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि चहा पिऊन निघून गेले. एका दिवसाने येऊन तो तुकडा उचलला, तर खाली पाण्याचे थेंब आणि काळपट डाग.

"वरून कोरडा दिसतोय, पण खालून ओल यायलीय," अप्पा म्हणाले. "आपली काळी माती लय दिवस पाणी धरती. ह्याच्यावर लेप मारला असता तर पोपडे धरून उठला असता."

पत्र्यावरचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत होतं, तेही त्यांनी हुडकलं. चर खणून ते पाणी लांब काढायला लावलं, कोब्याचा वरचा कच्चा थर मशीनने घासून घेतला आणि दारं सताड उघडी ठेवायला सांगितली. मग म्हणाले, "आता थांबायचं." अप्पांनी केलेल्या कामांबद्दल या गौरवग्रंथात पुष्कळ जण लिहितील. मला मात्र त्यांचं हे थांबणंच फार मोठं वाटतं.

दिवाळीनंतर आमचं थांबणं सुरू झालं. अप्पा अधूनमधून ओल बघायला येत. ओल बघायला कितीसा वेळ लागतो? पण ते बसत. माझे वडील, दादा, पूर्वी पूर्णेला रेल्वेत नोकरीला होते. आई गेल्यापासून ते कुणाशी धड बोलत नव्हते, मिलच्या ओट्यावर बाजेवर पडून असत. अप्पा त्यांच्या उशाशी बसून जुन्या गाड्यांबद्दल, कोळशाच्या इंजिनांबद्दल खोदून खोदून विचारायचे. एके दिवशी दादांचं हसणं ऐकू आलं आणि मी हातातलं काम टाकून बाहेर धावलो.

संक्रांतीच्या सुमारास प्लास्टिक कोरडं निघालं. अप्पांचा चेहरा खुलला, माझा मात्र उतरला. आता हे कशाला येतील? थोडी ओल राहिली असती तर बरं, असं अगदी मनापासून वाटलं. दादांनी तर उघडच बोलून दाखवलं, "अप्पा, त्या कोपऱ्यात आजून ओल वाटायलीय."

अप्पा दादांकडे बघतच राहिले. मग त्या कोपऱ्यात पुन्हा प्लास्टिक लावलं. कोपराही कोरडाच निघाला. ओल अडवणारा थर झाला, वर लेप झाला, गोदाम चकचकीत झालं. तरी दादा असेपर्यंत अप्पा येत राहिले. हे ऋण मी कसं फेडू?

पुढे मी त्यांच्यासोबत कामांवर जाऊ लागलो. झरीच्या एका मठाच्या सभामंडपाचा कोबा असाच बरेच दिवस वाळवत ठेवला होता. शिवरात्र तोंडावर आलेली. लेप मारायला पोहोचलो, तर मंडप ओलाचिंब! शुभकार्य म्हणून बायकांनी आदल्या संध्याकाळी तो बादल्या ओतून धुऊन काढला होता. मठाचे कारभारी त्यांच्यावर ओरडू लागले, तसे अप्पा मध्ये पडले. "त्यांनी त्यांची सेवा केली. धुवू नका म्हणून सांगायला मीच चुकलो."

त्या बायकांतल्या म्हाताऱ्या गंगाबाई रडवेल्या झाल्या होत्या. "आमाला काय ठाव, अप्पा? देवाचं काम धुतल्याबिगर कसं करायचं?"

"बरोबर हाय की, मावशी. आता फकस्त वाळू द्या."

काम शिवरात्रीनंतर झालं. शिवरात्रीच्या भजनाला अप्पा त्याच उघड्या कोब्यावर सगळ्यांबरोबर मांडी घालून बसले होते.

आता ते पुण्याला मुलाकडे असतात. गुडघे साथ देत नाहीत. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. तिकडून जाताना मी अजून आत डोकावतो आणि ओशाळून पुढे निघतो. फोनवर विचारलं, "अप्पा, करमतंय का?" तर म्हणाले, "मुलगा, सून लय जपतात. पण हितं मला कुणी काय इचारत न्हाई रे." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्यांच्या पंचाहत्तरीचा सोहळा परभणीत ठरलाय. अप्पा येणार का, असं जो तो मला विचारतो. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "येतो म्हणून लिवू नकोस. डाक्टर न्हाई म्हणला तर तुझं लिवलेलं खोटं पडंल." म्हणून तसं लिहीत नाही.

अप्पांना उदंड आयुष्य लाभो, निरोगी लाभो, हे सगळेच मागतील, मीही मागतो. पण माझा स्वार्थ लपवत नाही. अप्पा, त्या आयुष्यातले थोडे दिवस आम्हाला द्या. काम काही नाही. नुसते येऊन बसा.