कावून साहेबांचे लाल टॅग

गेटपासची मुदत संपली की बाबांचा जेवणाचा डबा भरलेलाच घरी परत यायचा. बाबा ठेकेदाराकडे मजूर होते. नवा पास हाती पडायला कधी दोन दिवस लागत, कधी पाच. तेवढे दिवस ते कारखान्याच्या गेटबाहेर सायकलीला टेकून उभे राहायचे, कोणी आत बोलावेल म्हणून. दुपार झाली की परत फिरायचे. माय डबा उघडायची आणि तेच आम्हां भावंडांच्या ताटात वाढायची. भिलाईत पावर हाउसच्या मागे असलेल्या आमच्या दोन खोल्यांत राहून मी बीसीए केलं. आमच्या घरातली पहिली पदवी. हे मी मिरवायलाच सांगते आहे. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

पुढे एका खाजगी कारखान्याच्या संगणक विभागात मला ठेक्यावर नोकरी लागली आणि तिथे कावून साहेब भेटले. त्यांचं खरं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण घेत कोणी नसे. प्रत्येक गोष्टीवर त्यांचा पहिला शब्द "कावून?" म्हणजे 'का?' असा असायचा. चहा आणला, कावून? नमस्कार केला, कावून? पहिल्या दिवशी मी टेबलापाशी उभी राहिले तेव्हा चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "इंजिनियर बाई, तुले इथं कोनं पाठवलं?"

"मुलाखत झाली सर. निवड झाली."

"ते कागदावर आहे. पाठवलं कोनं, ते विचारून राहिलो."

मी इंजिनियर नव्हते आणि ते त्यांना ठाऊक होतं. चिडवायचं म्हणूनच त्यांनी ते नाव ठेवलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळी नोकरी कारखान्यांतल्या विजेच्या दुरुस्तीत गेली. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे वर्षावर्षाच्या मुदतीवर आले, कारण जुनी यंत्रं आणि नवे संगणक दोन्ही कळणारा दुसरा माणूस नव्हता. वैशाली नगरहून स्कूटरवर यायचे, स्कूटरला दोन कुलपं लावायचे आणि जिना चढण्याआधी दोन्ही ओढून पाहायचे. संगणकाच्या पडद्यावर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "हिरवं झालं म्हंजे काम चाललं, एवढंच. कोनाच्या कामी आलं, ते हिरव्यात दिसते का?"

आमचं काम काय होतं ते सांगते. कारखान्याचा संगणक ठरलेल्या वेळी हजारो बारीक कामं आपोआप करतो. हजेरी गोळा करायची, वजनकाट्याचे आकडे पाठवायचे, एकाचं संपलं की दुसरं सुरू करायचं. या प्रत्येक कामाला आम्ही जॉब म्हणायचो. हे जॉब वेळेवर आणि क्रमाने चालवणारं सॉफ्टवेअर बाहेरच्या एका कंपनीचं होतं आणि त्याच्या देखभालीचा करार दरवर्षी व्हायचा. जितके जॉब जास्त, तितका करार महाग. जॉब वाढतच होते. शेवटी वरून निरोप आला की पुढच्या कराराआधी खर्च खाली आला नाही, तर भिलाईचा हा विभाग बंद करून काम बाहेर देऊ. साहेबांना सोडून विभागात आम्ही तिघं ठेक्यावर होतो.

त्याच आठवड्यात माझा सहकारी देवांगन कानाशी येऊन म्हणाला, "मैडम, बुड्ढे के दराज में लिस्ट है. पहला नाम आपका."

मला पोटात ठेवून बसता येत नाही. मी सरळ जाऊन विचारलं. साहेबांनी ड्रॉवर उघडून कागद टेबलावर टाकला. खरंच आम्हां तिघांची नावं होती आणि पहिलं माझं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"वरून आलं. कोनाले कमी करू, म्हनून विचारून राहिले."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"अजून काई नाई. जॉब कमी झाले नाई तं मानसं कमी होतील. कोनते जॉब कमी कराचे, ते पाहा."

कागद पुन्हा ड्रॉवरमध्ये गेला, किल्ली खिशात गेली. मी मनाशी म्हटलं, हा माणूस आपल्याकडून काम करून घेईल आणि शेवटी आपल्याच नावावर रेघ मारेल.

कारखान्यात यंत्र दुरुस्तीला घेतलं की त्याचा स्विच बंद करून त्यावर लाल टॅग अडकवतात. टॅगवर अडकवणाऱ्याचं नाव असतं. ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा. मोठा साहेब आला तरी हात लावत नाही, कारण आत माणूस असू शकतो. हाच नियम साहेबांनी जॉबला लावला. भिंतीवर खिळे ठोकलेली फळी टांगली. जॉब एकदम पुसायचा नाही. थांबवायचा, त्याच्या नावाचा टॅग अडकवायचा, खाली सही करायची आणि तीन महिने वाट पाहायची. "कोन बोंबलते ते पाहू. कोनी नाई बोंबललं, तं पुसून टाक."

टॅग लावण्याआधी रजिस्टर घेऊन विभागाविभागांत फिरायचं. हे काम माझं. एक अहवाल दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला रोज सकाळी जात होता. स्टोअरमधला बाबू एक अहवाल रोज छापून, भोक पाडून कपाटात लावायचा. मी विचारलं, "वाचता का?" तो म्हणाला, "पढ़ता कौन है? आता है तो रख देते हैं." मी परत येऊन हे सांगितलं की साहेब विचारायचे, "तू सोता गेली होती का फोन केला?" आणि मी बसल्यावर त्याच बाबूला फोन लावून खात्री करायचे. माझ्यासमोर. सह्याही सगळ्या माझ्याच घ्यायचे. माझा संशय पक्का झाला. काही बिघडलं तर गळा माझाच सापडणार होता.

सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस एकदा काजूकतली घेऊन आला. "सर, इतने जॉब बंद मत कीजिए. रिस्क है."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "रिस्क कोनाची आहे, विचार त्याले. आपली का त्याची?" डबा त्यांनी तसाच त्याच्या बॅगेवर ठेवला. मिठाई हातची गेल्यावर देवांगनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

फळी लाल झाली. जॉब भराभर कमी होत होते आणि मला जोर चढला होता. एक जॉब कोणीच ओळखेना. पर्सोनेलवाले म्हणाले आमचा नाही, हजेरी ठेवणारं टाइम ऑफिसही तेच म्हणालं. 'वापरणारा' या रकान्यात मी 'कोणी नाही' असं लिहिलं, सही केली आणि टॅग लावला. दोन महिने कोणी बोललं नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी गेटवरून फोन आला. ठेक्यावरच्या मजुरांचे पास मशीन घेत नव्हतं. तिमाहीतून एकदा नव्या पासांची यादी गेटच्या मशीनला पाठवणारा तो जॉब होता. मी सगळ्या ऑफिसांत विचारून आले होते, फक्त गेटवर विचारलं नव्हतं. मी! ज्या घरात भरलेला डबा परत यायचा, त्या घरातली मी.

जॉब लगेच सुरू केला, पण तोवर मोठे साहेब फळीपुढे येऊन उभे होते. "किसका टैग है?"

मी पुढे झाले आणि माझा टॅग शोधला. तो तिथे नव्हता. त्याच खिळ्यावर दुसरा होता, त्यावर कावून साहेबांचं वाकडं अक्षर आणि त्यांची सही. दुसऱ्याच्या टॅगला हात न लावणाऱ्या माणसाने माझा टॅग काढला होता.

"सर, तो टॅग..." मी सुरुवात केली.

"इंजिनियर बाई," ते मध्येच म्हणाले, "तू गेटवर जा. मानसं आत गेली का, मोजून ये. पडद्यावर पाहू नको."

मी गेले. गेटबाहेर माणसं हातात डबे घेऊन रांगेत होती. शेवटचा माणूस आत जाईपर्यंत मी उन्हात उभी राहिले. परत आले तोवर बोलणं संपलं होतं आणि मी पुन्हा तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं.

दुपारी ते स्कूटरची कुलपं काढत असताना मी विचारलं, "सर, तुम्ही असं कावून केलं?"

ते थोडे हसले. "उपकार नाई केला तुयावर. रजिस्टर अर्धं आहे. तू गेली तं पुरं कोन करीन? देवांगन?"

त्यांची मुदत त्या वर्षी वाढवली नाही. वरच्यांनी कारण दिलं नाही. निघताना त्यांनी ड्रॉवरची किल्ली मला दिली, आणि ड्रॉवर बंद होतो की नाही हे माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं. नावांचा तो कागद आतच होता. एकाही नावावर खूण नव्हती.

ते आता गोंदियाला मुलाकडे असतात. चौदा एप्रिलला मी जयंतीच्या शुभेच्छांचा फोन केला की आधी विचारतात, काम काय आहे? त्यांनी तो टॅग माझ्यासाठी बदलला की रजिस्टरसाठी, हे मला आजही ठरवता येत नाही. मात्र त्या दिवसानंतर कोणताही जॉब थांबवण्याआधी मी प्रथम गेटवर जाते, मग कँटीनमध्ये, मग ट्रकवाल्यांकडे. ऑफिसांत सगळ्यांत शेवटी.

रजिस्टर मी पूर्ण केलं. करार झाला तेव्हा निम्म्याहून कमी जॉब उरले होते आणि देखभालीचा खर्च निम्म्यावर आला. विभाग भिलाईतच राहिला. आम्हां तिघांपैकी कोणालाही घरी जावं लागलं नाही.