काळ्यात पाय नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, नसीम मुजावर या चित्रकार बाईंना सगळ्या मुलांदेखत शाळेच्या गेटवरून दंडाला धरून बाजूला काढण्यात आलं. हातात काळ्या रंगाचा डबा होता. आरोप काय, तर सरकारी मालमत्ता विद्रूप केली. शाळा दक्षिण दिल्लीतली, सरकारी. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीच्या शाळा सुटल्यासारख्या होतात.

नसीमताई मला पहिल्यांदा भेटल्या त्या दिल्लीतल्याच मुनिरक्यात, आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या वस्तीत. भाडेवाढीविरुद्धची पत्रकं मी भिंतीवर चिकटवत होते आणि फोनवर आईशी मराठीत भांडत होते. मागून आवाज आला, "खळ पातळ झालीय गं. संध्याकाळपर्यंत तुझी क्रांती गटारात." वळून पाहिलं तर पन्नाशीच्या बाई, ओढणी कमरेला खोचलेली, नखांत निळा रंग. वडील मूळ मिरजेचे, केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे ताईंचं सगळं बालपण दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. "खळ हा शब्द तेवढा उरलाय. बाकी मराठी दिल्लीने खाल्ली, यार."

वस्तीतली किंवा शाळेतली भिंत रंगवायचं काम मिळालं की पहिले काही दिवस ताई रंगाचा डबा उघडतच नसत. शाळा सुटली की मुलांच्या मागे मागे त्यांच्या घरापर्यंत चालत जायच्या. मुलं कुठे वाट वाकडी करतात, कुठे बोलणं थांबवून पळतात, ते बघायच्या. मी विचारलं, सरळ मुलांनाच का नाही विचारत? म्हणाल्या, "विचारलं की मोर सांगतात, सूर्य सांगतात, तिरंगा सांगतात. पाय खरं सांगतात."

मग त्या वाटा मुलांच्याच हातांनी भिंतीवर यायच्या. दुकानं, पतंग, गोलगप्पेवाला, कुणाची तरी जाडी मावशी. रंगांची नुसती चंगळ. पण जिथे मुलं वाट वाकडी करत, ती जागा सपाट काळी. उघडं गटार काळं, दारूच्या ठेक्यापुढचा बाक काळा. त्या काळ्यात फूल नाही, पान नाही. आणि नियम एकच: काळ्यात पाय नाही. मुलांनी त्याचा खेळ केला. "काले में पैर नहीं," ओरडायचं, ज्याचा पाय पडला तो बाद. रांगती पोरं काळ्याकडे निघाली की त्यांना ओढून घेणाऱ्या मोठ्या बहिणी मी पाहिल्यात.

या शाळेच्या गेटला खेटून विजेचा लोखंडी खांब आहे. त्यावरच्या डब्याचं झाकण गेलंय, आतली तार सोललेली. ताईंनी खांबामागची भिंत आणि खांबाखालची फरशी मुलांना लांब उभं करून स्वतःच काळी केली. मुख्याध्यापकांना ते खटकलं. "मॅडम, इतना काला? बच्चे डर जाएँगे."

"डराने के लिए ही है, सर. आप तार ठीक करवा दीजिए, मैं गुलाब बना दूँगी."

"ऊपर भेजा है."

बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "गरिबाच्या पोराकडे भीती तेवढी फुकट असते. ती पण यांना गोड करून हवीय."

सुट्टीत कुणी मोठे पाहुणे येणार ठरलं. भिंतीवर चुना फिरला. ठेकेदाराच्या माणसांनी फुलं काढली, फुलपाखरं काढली आणि खांबावर, खालपासून वरपर्यंत, पिवळाधमक जिराफ. खोटं कशाला बोलू, सुरेख काढला होता. शाळा उघडली त्या दिवशी ताई तिथे बराच वेळ उभ्या होत्या. नव्याने दाखल झालेली पहिलीतली पोरं जिराफाच्या मानेला मिठी मारत होती, आया फोटो काढत होत्या.

"भिंत पुसली त्याचं काही नाही," ताई म्हणाल्या. "भिंती पुसल्या जातातच. पण यांनी खांबाकडून मुलांना आमंत्रण दिलं गं."

पुढच्या शनिवारी पाऊस झाला. शाळा सुटताना आम्ही दोघी गेटबाहेर होतो. पहिलीतली एक मुलगी हात झटकत, रडत आमच्याकडे आली. ताईंनी काय झालं विचारलं, तर तळहात पुढे करून म्हणाली, "जिराफ काटता है."

बाकीची मुलं हसली. ताई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. उत्तर मिळालं, "हल्का सा करंट आता है बारिश में, मॅडम. पुराना खंभा है. ऊपर भेजा है."

म्हणून सोमवार. पायांत रबरी चपला, खाली लाकडी पाट, आणि खांबाला न शिवता ताई फरशी पुन्हा काळी करत होत्या. अर्धं वर्तुळ झालं होतं, तेवढ्यात गार्डने धरलं. प्रार्थना चालूच होती. रांगेतली मोठी मुलं काळं पाहून आपोआप मागे सरकली. पहिलीतली जागची हलली नाहीत. त्यांनी जुनी भिंत पाहिलीच नव्हती. त्यांना नियम कुणी सांगितलाच नव्हता.

दुपारपर्यंत फरशी रॉकेलने घासून स्वच्छ झाली. ताईंविरुद्ध तक्रार गेली, दुसऱ्या दोन शाळांनीही ठरलेलं काम रद्द केलं. आता त्या मुनिरक्यातल्या खोलीत बसून असतात. ढग आले की बोलणं तुटतं, गच्चीवर जातात, आभाळ बघून खाली येतात. मी म्हटलं, तुमच्यावरच्या अन्यायाचं पत्रक काढते. तर म्हणाल्या, "बिल्कुल नको. माझ्यासाठी रडायला चार लोक येतील, फोटो काढतील, घरी जातील. खांबाबद्दल लिही."

लिहिलं. खांब तसाच आहे, डबा उघडा आहे, जिराफ हसतो आहे. पावसाळा अजून निम्मा बाकी आहे.

वाचून हळहळू नका. हळहळ पुढे लागेल तेव्हा ढिगाने मिळते. आज शाळा सुटायच्या आत तुमच्या घराजवळच्या शाळेच्या गेटपाशी जा. खांबाला हात लावू नका, फक्त बघा. डबा उघडा दिसला, तार लोंबताना दिसली, तर वीज कंपनीला फोन करा, तिथेच उभे राहा, आणि कुणी येऊन वीज तोडेपर्यंत एकाही मुलाला त्या खांबाजवळ जाऊ देऊ नका.