पाहुणे देवरीला पोहोचायच्या आधी

दरेकशाच्या स्टेशनवर पॅसेंजर उशिरा होती आणि दादाला ते सहन होत नव्हते. तो फलाटाच्या बोगद्याकडच्या टोकापर्यंत जायचा, रुळांकडे बघायचा, परत यायचा, गाडी कुठे आहे ते फोनवर शोधायचा. रेंज नव्हती. बाबा बाकावर पाय वर घेऊन बसले होते. "बस ना आता," ते म्हणाले. "गाडी काई तुले पाहून नाही येत." दादा बसला नाही. मायने माझ्या पिशवीत लाखोरीची डाळ आणि घरचे तांदूळ कोंबले होते. पुण्यात तांदूळ मिळत नाहीत असे तिला कोणी सांगितले नव्हते, पण मिळतात यावरही तिचा विश्वास नव्हता. गाडी आली तेव्हा दादा आधी चढला. मी मागे वळून पाहिले तर बाबा अजून बाकावरच होते. गाडी सुटेपर्यंत उठायचे कशाला, असा त्यांचा हिशेब असावा.

गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. दोघांनाही ते आवडणार नाही.

मी गोंदियात एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातमीदार होते. पगार थोडा, काम भरपूर. तलावाचे पाणी सोडण्यावरून झालेली भांडणे, धान खरेदी केंद्रावरच्या रांगा, जंगलातून गावात आलेले अस्वल. शहरात सगळे हिंदीत बोलायचे आणि मी मराठीत लिहायचे. तिथे एकच शिस्त होती: दोन जणांकडून खात्री झाल्याशिवाय ओळ छापायची नाही. मग एक दिवस वरून फोन आला आणि कार्यालय बंद झाले. त्या बातमीची खात्री करायची गरज पडली नाही. दादा तेव्हा पुण्यात एका बांधकाम कंपनीत होता, फ्लॅट विकणाऱ्या टीमचा प्रमुख. "तुला लोकांशी बोलता येतं, तुझं काम झालं," तो म्हणाला. तोपर्यंत तो पुण्याची मराठी बोलायला लागला होता. मायशी बोलतानासुद्धा.

वाघोलीच्या पुढे, एका काचेच्या इमारतीत आमचे ऑफिस होते. काम असे. कोणीतरी कुठेतरी फोनवर बोट सरकवत असतो. त्याला बाल्कनीचे चित्र दिसते. बाल्कनीत एक बाई कॉफी पीत असते. तो बटण दाबतो, त्याचा नंबर आमच्या स्क्रीनवर येतो. त्याला लीड म्हणतात. पाच मिनिटांच्या आत त्याला फोन गेला पाहिजे, कारण तोच माणूस शेजारच्या बिल्डरच्या बाल्कनीवरही बोट ठेवून आलेला असतो. ज्याचा फोन आधी, त्याची साइट व्हिजिट. "लीड म्हणजे गरम भजं," दादा नव्या मुलांना सांगायचा. "थंड झालं की कुत्रंही हुंगत नाही." मुले हसायची. तो हसायचा नाही.

बोलून झाले की स्क्रीनवर एक पर्याय निवडावा लागे. रस नाही. बजेट कमी. चुकीचा नंबर. नंतर फोन करा. एकदा एका माणसाने फोन उचलला आणि सांगितले, "मी स्मशानात आहे, वडील गेले." त्यासाठी पर्याय नव्हता. मी "नंतर फोन करा" निवडले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनने तोच माणूस मला पहिला काढून दिला. मी फोन केला नाही. दादाने कारण विचारले. मी सांगितले. तो म्हणाला, "वडिलांनंतरच लोक घर घेतात. कॉल कर."

हा माझा भाऊ. लहानपणी बोडीत, शेताजवळच्या छोट्या तळ्यात, पाय सोडून बसला की मायच्या हाका ऐकूनही न उठणारा.

धान कापून झाल्यावर आम्ही दोघे रजा टाकून गावी गेलो. माझ्यासाठी स्थळ आले होते. मध्यस्थ सुखराममामा, मायचा धाकटा भाऊ. मुलगा अर्जुनी मोरगावकडचा, नाव रोशन, गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. त्याचे वडील नव्हते, सगळे निर्णय काका घेत. काका, काकू, रोशन आणि मामा असे चौघे गाडी करून आले. चहा झाला, चिवडा झाला, आम्हा दोघांना परसात पाठवण्यात आले.

"पुण्यातच राहाचं आहे का वापस याचं आहे?" त्याने विचारले.

"परत यायचं आहे. इकडंच लिहायचं आहे."

"आमच्याकडं पेपर दुपारी येते."

"मग सकाळी मी काय करू?"

"दुपारचा लिहून ठेवा."

त्यानंतर तो गप्प राहिला. मी उत्तर शोधत होते आणि त्याने मध्ये बोलून ती जागा भरली नाही. दिवसभर लोकांच्या गप्प बसण्यावर बोलणे ओतण्याचे काम करणाऱ्या बाईला ही फार मोठी गोष्ट वाटते. मला तो आवडला. त्याच्यापेक्षाही मला परत येण्याचा रस्ता आवडला, हेही खरे.

आमच्याकडची रीत वेगळी सांगायला नको, पण निघून गेलेल्यांची मुले विसरली असतील. पाहुणे मुलगी पाहून गेले की मुलीच्या घरचे विचारत नाहीत. ते वाट पाहतात. तिकडच्यांनी आपसात बोलायचे, जुनी नाती काढायची, मग मध्यस्थाने निरोप आणायचा. कधी कधी माघातली कचारगडची जत्रा येऊन जाते तरी निरोप येत नाही. त्या थांबण्यात अर्थ असतो: आमची मुलगी आम्हाला जड झालेली नाही.

पाहुण्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि दादाने ओसरीतच फोन काढला. पाहुणे वाटेवरच्या देवरीलाही पोहोचले नसतील.

"काय मग काका, काय ठरलं?"

काकांचा आवाज ओसरीभर ऐकू आला. "आमी अजून गाडीतच आहो बापा."

बाबांनी मान खाली घातली. माय आत गेली. "अरे, असं विचारते का कोनी?" बाबा म्हणाले. दादा म्हणाला, "त्यांच्याकडे आणखी स्थळं असतील, बाबा. आपण आधी असलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा फोन केला. पुण्याला परतताना गाडीतून केला. मग रोज. मी त्याला थांब म्हटले, एकदा शांतपणे आणि एकदा ओरडून. तो म्हणाला, "तू कॉल करायला घाबरतेस, म्हणून तुझे आकडे कमी आहेत."

काका फोन उचलेनासे झाले. आता पुढची गोष्ट नीट समजावी म्हणून एक तपशील सांगते. दादाच्या फोनमध्ये कंपनीचे ॲप होते आणि तो सगळे फोन त्यातूनच करायचा, घरचेसुद्धा. त्या ॲपमधून कोणाला फोन लावला की तो माणूस आपोआप कंपनीच्या यादीत जातो. त्याने लागोपाठ काही फोन उचलले नाहीत तर ॲप स्वतःच मेसेज पाठवते. दादाला हे माहीत होते. ती सोय त्यानेच मागून घेतली होती.

काकांच्या फोनवर मेसेज गेला: "आम्ही आपल्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न करत आहोत. ही संधी मर्यादित काळासाठी आहे. आजच निर्णय घ्या." खाली बाल्कनीतल्या बाईचे चित्र.

काकांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हते. त्यांनी फोन पानठेल्यावर एका मुलाला वाचायला दिला. त्याने तो मोठ्याने वाचला.

सुखराममामाचा फोन बाबांना आला तेव्हा मायने मला दुसऱ्या फोनवर धरून ठेवले होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"भाऊजी, पोरगी आहे का प्लाट आहे?"

बाबांनी काय झाले ते विचारले.

"पानठेल्यावर वाचला ना लोकायनं. संधी मर्यादित आहे म्हनते. पोरीत काई खोट असन म्हनून घाई करून राहिले, असं बोलून राहिले तिकडं. मी कोनतं तोंड घेऊन जाऊ?"

"मी जाऊन येतो मोरगावले," बाबा म्हणाले.

आमच्याकडे अशा गोष्टी अशाच मिटतात. घरचा मोठा माणूस जातो, बसतो, पाण्यापावसाचे बोलतो, चहा पितो. झालेल्या गोष्टीचा उल्लेखही होत नाही. उठताना दोन्ही बाजूंना कळलेले असते. बाबांना हे चांगले माहीत होते. तलावाच्या पाण्यावरून दोन घरे बोलेनाशी झाली तर लोक बाबांनाच पाठवत. पण त्यांनी निघण्याआधी दादाला विचारले. दादा म्हणाला, "आता कशाला जाता? मी सॉरीचा मेसेज टाकलाय." बाबा गेले नाहीत. पुण्यात राहणाऱ्या मुलाला जग जास्त कळते, हा समज आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला आहे.

मी दादाला ऑफिसच्या पॅन्ट्रीत गाठले. तो कॉफीच्या यंत्रासमोर उभा होता आणि यंत्राला वेळ लागतो म्हणून त्याचे बटण पुन्हा पुन्हा दाबत होता.

"लीड कोण होतं?" मी विचारले. "तो की मी?"

त्याने खरोखर विचार केला. "तो," तो म्हणाला. "तू इन्व्हेंटरी."

न विकलेल्या रिकाम्या फ्लॅटना तिथे इन्व्हेंटरी म्हणतात. तो थोडा हसला, आपण विनोद केला असे मला वाटावे म्हणून. मी त्याचा कप उचलून बेसिनमध्ये ओतला. मग जागेवर गेले, हेडफोन काढून ठेवला आणि बाहेर पडले. त्या दिवसापासून आम्ही घरच्या लग्नकार्यांत एकमेकांना "कसा आहेस", "कशी आहेस" एवढेच विचारतो. उत्तर दोघेही देत नाही.

आता मी नागपूरला असते. एका छोट्या बातमी संस्थेत दुसऱ्यांच्या बातम्या तपासते. गावापासून एवढे अंतर मला पुरते. जत्रा होऊन गेली, उन्हाळा लागला, मोरगावहून निरोप आला नाही. नकारही आला नाही. तिकडच्यांनी थांबण्याचा आपला हक्क पुरेपूर बजावला. मला एक साधी खात्री करून घ्यायची होती, बातमीदार घेतो तशी. मी स्वतःच्या फोनवरून रोशनला फोन केला.

"मले वाटलं कंपनीचा फोन आहे," तो म्हणाला. "मी उचलनारच नव्हतो."

मी विचारले, नेमके काय बिनसले.

"फोन तर रोज येऊन राहिले होते. मानूस कोनी नाही आला. तुमचे बाबा एक दिवस आले असते, चहा पिऊन गेले असते, तर काका हो म्हनले असते. काका वाट पाहून राहिले होते."

"आणि तुम्ही? तुम्ही एक फोन का नाही केला?"

तो गप्प झाला. मीही ती जागा भरली नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काकाच्या पुढं कसा करू?"

परसात मला आवडलेली शांतता हीच होती. तेव्हा मला ती समजूतदार वाटली होती.

"माझं साक्षगंध झालं," तो म्हणाला.

साखरपुडा झाल्याबद्दल मी अभिनंदन केले. आणि मग जीभ सवयीने पुढे गेली: "आणखी काही मदत हवी आहे का?" त्याने नाही म्हटले. त्याला ते विचित्रही वाटले नाही.

घर म्हणजे काय, असे निघून आलेल्यांनी शेवटी लिहायचे असते. माझ्यापुरते एवढेच उरले आहे: जिथे मी आधी न कळवता जाते, ते घर. कोणाला विचारत नाही, कोणाला सांगत नाही. दरेकशाला उतरते, चालत जाते. माय दारात "आली का" म्हणते आणि तांदूळ वाढवून घेते. का आलीस, किती दिवस आहेस, हे तिने कधी विचारलेले नाही. मी तिच्यावर तेवढ्यासाठी खूश आहे. बाकी गावावर नाही. त्या पानठेल्यासमोरचे कोणी असेल तर त्यांनी हे वाचावे. मोठ्याने वाचले तरी चालेल.

मागच्या खेपेला बाबा अंगणात खाटेची दोरी कसत होते. मी समोर बसले आणि विचारले, "तुम्ही मोरगावला का नाही गेलात?"

"तुझा दादा नको म्हनला."

"मी हो म्हटलं असतं."

त्यांनी दोरी ओढून धरली. गाठ मारायची विसरले. "तुले विचाराचं राहूनच गेलं," ते म्हणाले.

दादाने पाच मिनिटांत मला विचारले नाही, गावाने इतक्या महिन्यांत मला विचारले नाही. तेवढ्यात माझ्या पिशवीत फोन वाजू लागला. मी आल्याचे मायने दादाला कळवले होते, आणि तो अजूनही लगेचच फोन करतो.

"उचल ना," बाबा म्हणाले.

"वाजू द्या," मी म्हटले, आणि दोरीचे दुसरे टोक धरले.